वैशीने न दिलेला नंबर

आजऱ्याच्या स्टँडवर सकाळची सावंतवाडी गाडी धरली तेव्हा माझ्या एका हातात पाच किलो घनसाळ तांदळाची पिशवी होती, दुसऱ्या हातात नवी पर्स, आणि पोटात निव्वळ जळजळ. आपल्या महिला मंडळाच्या अंकात मी दरवर्षी प्रवासवर्णन लिहिते. हंपीचं वाचून तुम्ही म्हणालात, सुनंदाताई किती प्रसन्न लिहितात! यंदाचं तसं निघणार नाही, आधीच सांगून ठेवते. मी काही गोवा बघायला निघाले नव्हते. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं नशीब जवळून बघायचं आणि जमलं तर त्यातला एक तुकडा तोडून आणायचा, एवढ्यासाठी चालले होते.

या बहिणीचं नाव वैशाली. आमची वैशी. तिला डिचोलीजवळ सर्वण गावात दिली आहे. तिचं सगळंच माझ्यापेक्षा सरस. आईचं शिलाई मशीन तिला मिळालं, आईचे केसही तिलाच मिळाले. दारात माड, घरामागे काजूची बाग, आणि नवरा असा की भांडण उकरून काढलं तरी हसतो. एवढं मी गिळलं होतं. पण गेल्या वर्षी तिचा मुलगा सिद्धेश कॉम्प्युटरच्या नोकरीला थायलंडला गेला. काचेच्या इमारतीसमोर टाय लावून काढलेला त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. कारण माझा ओंकार त्याच्याच वयाचा, बी.कॉम. झालेला, आणि आजऱ्यात मोबाइलच्या दुकानात लोकांच्या स्क्रीनवर काचा चिकटवत बसलेला.

फोनवर मी वैशीला तीनदा म्हटलं, "अगं, सिद्धेशला ज्यांनी लावलं त्यांचा नंबर दे की. ओंकारचा पासपोर्ट काढून ठेवलाय मी." तिन्ही वेळा तिनं विषय बदलला. तिसऱ्यांदा तर, "अक्का, आवाज तुटतोय गं," म्हणून फोनच ठेवला. तुटतोय म्हणे! तिच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला आजऱ्यात ऐकू येत होती. म्हटलं, थांब, आता समोर येऊनच मागते.

आंबोली घाटात धुकं होतं, धबधबे मात्र आटलेले. शेजारच्या बाईंनी मला खारे शेंगदाणे दिले आणि विचारलं, "कुठवर?"

"गोव्याला, बहिणीकडं."

"मज्जा आहे हो!"

"आहे ना, तिची," मी म्हटलं. त्या बिचाऱ्या खिडकीकडे वळल्या.

सावंतवाडीला गाडी बदलून दोडामार्गावरून डिचोलीला जाणारी धरली. बसायला जागा नव्हती, म्हणून पिशवी पायाशी ठेवली आणि कुणाच्या तरी कोयत्याचं टोक लागून ती खालून फाटली. कंडक्टर ओरडला, "ओ बाये, तांदूळ सांडतत!" मी खाली बसून ओंजळीनं गोळा करायला लागले. एक म्हातारेबाबा मदतीला वाकले, चार दाणे नाकाशी नेऊन म्हणाले, "वास बरो आसा हो! खंयचे?" मी आजऱ्याचं नाव सांगितलं तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं. फाटकी बाजू ओढणीच्या टोकानं बांधली आणि तशीच डिचोलीला उतरले. तुमच्यापैकी कुणी गेलात तर कापडी पिशवी दुहेरी शिवून न्या.

मार्च संपत आला होता. दोडामार्ग सोडला की हवेत बोंडूंचा (काजूच्या फळांचा) आंबूस वास सुरू होतो. आधी नको वाटतो, मग आवडायला लागतो. डिचोलीच्या स्टँडवर वैशीचे मिस्टर दामोदरराव गाडी घेऊन आले होते. "येयात अक्का, येयात! बसाक जागो मेळ्ळो मू?" (बसायला जागा मिळाली ना?) असं म्हणून हसले. पूर्वी ते पाळी गावाच्या बाजूला खाणीवर सुपरवायझर होते. खाण बंद पडली तशी नोकरी गेली. आता एका कारखान्याच्या गोदामावर बसतात. तरीही घराला रंग नवा. मी गाडीतून उतरता उतरताच तो पाहिला. थायलंडचा रंग, मी मनात म्हटलं.

वैशी दारात आली आणि मी दचकले. तिची मनगटं बारीक झाली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पण जळणारं माणूस डोळ्यांनी बघत नाही. मला वाटलं, डाएट करतेय बया. पैसा आला की सुचतंच हे.

जेवायला उकड्या तांदळाचा भात होता, बांगड्याचं हुमण (नारळाच्या वाटणाची आमटी), सुक्या तिसऱ्या आणि सोलकढी. असं जेवण मी वर्षात जेवले नव्हते आणि त्याचाही मला राग आला. मी तीन वेळा भात घेतला. वैशी वाढत राहिली, स्वतः पानावर बसलीच नाही. तिचा फोन वाजला की ती हातातला डाव टाकून थेट काजूच्या बागेत जायची आणि पाच-दहा मिनिटांनी यायची. मला म्हणे आवाज तुटतो, आणि लेकाशी बोलायला बागेत नेटवर्क सापडतं!

हात धुता धुता मी विषय काढलाच. "वैशे, तो नंबर."

"ते काम बंद झालं, अक्का."

"बंद झालं? मग सिद्धेश काय करतोय तिथं?"

"दूध उतू जातंय, बघते," म्हणून ती आत गेली. गॅसवर दूध नव्हतंच. मी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं.

सकाळी पोदेर (सायकलवरून पाव विकणारा) भोंगा वाजवत आला. गरम उंडे (कडक पाव) घ्यायला वैशी फाटकापर्यंत गेली आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी. आपल्याकडे प्रत्येक बाईचं गुपित कॅलेंडरवर असतं, हे मला ठाऊक आहे. गॅसवाला, माडावर चढणारा, दूध कधी घेतलं नाही ते. गेल्या वर्षीचं कॅलेंडर नव्याच्या मागेच टांगलेलं होतं. एका महिन्याच्या कोपऱ्यात "सि. साहेब" (म्हणजे सिद्धेशचे साहेब) असं लिहून पुढे नंबर होता, आणि तो पेनानं गिरगटून खोडला होता. खोडणाऱ्यानं रागानं खोडला होता, पण लिहिणाऱ्यानं आधी दाबून लिहिला होता. मी पान उलटं केलं, उजेडाकडे धरलं, मागून उमटलेले आकडे बोटानं चाचपले आणि उतरवून घेतले. तुम्ही म्हणाल, सुनंदाताई, ही चोरी. हो, चोरी. मला तेव्हा लाज वाटली नाही, विजय झाल्यासारखं वाटलं.

नंबर ओंकारला पाठवला. वैशीचं नाव, सिद्धेशचं नाव सांगायचं हेही बजावलं. पातळभाजीत बुडवून माझा दुसरा उंडा संपायच्या आत ओंकारचा फोन. कुणी साहेब हिंदीत फार गोड बोलले, सिद्धेशचा मावसभाऊ म्हटल्यावर तर घरच्यासारखे बोलले. पासपोर्टचा फोटो मागितला. एक जागा रिकामीच होती म्हणे. संध्याकाळपर्यंत तिकीट आलं: एक दिवस सोडून दुपारी एक वाजता मोप्याच्या विमानतळावरून मुंबई आणि तिथून बँकॉक. एक पैसा न मागता! ओंकार आनंदानं ओरडत होता. "कुणाला बोलू नकोस," मी म्हटलं. "मावशीला तर मुळीच नको. तू तिकडं पोचलास की मग मी सांगते तिला." तिचा चेहरा त्या वेळी कसा होईल, ते मी डोळ्यांसमोर आणून बघत होते.

दुसऱ्या दिवशी दामोदररावांनी मला शिरगाव दाखवलं. लईराई देवीची जत्रा महिन्या-दीड महिन्यावर आली होती. दरवर्षी इथं धोंड (व्रत घेतलेले भक्त) हातात वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालतात. त्यांनी मला देवळासमोरची तळी दाखवली, होमाची जागा दाखवली आणि गोष्ट सांगितली. लईराई सात बहिणींपैकी एक. एक बहीण पलीकडे मये गावात. एक तर म्हापशात, तिला आता ख्रिस्ती लोक माउली म्हणून पुजतात. धर्म बदलला तरी बहिणींचं नातं तुटलं नाही. इकडून तिकडे तेल जातं, तिकडून इकडे फुलं येतात.

"बघा!" मी म्हटलं. "देवी चर्चमधल्या बहिणीला तेल पाठवते. आणि आमच्या बहिणीकडून साधा नंबर सुटत नाही."

दामोदरराव पहिल्यांदाच हसले नाहीत. त्यांनी गाडीच्या काचेवरची लाल धूळ फडक्यानं पुसली, परत पुसली. मग म्हणाले, "अक्का, उद्या आम्ही पेडण्याला जातोय. आमच्या मूळ गावच्या देवाकडे. तुम्ही घरी आराम करा."

मी कसली आराम करते! पेडण्यापासून मोपा किती लांब, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. म्हटलं, मी येणारच. देवदर्शन होईल, आणि कपडे घ्यायचे आहेत असं काहीतरी सांगून मी तिथून सटकेन, ओंकारच्या हातावर दही ठेवेन. दही मी डिचोलीच्या बाजारातून डब्यात घेतलंही. वैशी नको नको म्हणत होती. ती जितकं नको म्हणाली तितका माझा हट्ट वाढला.

पेडण्याचा रस्ता हिरवा आहे, आणि आता रुंदही. मध्येच एखादं शेत, माडांची रांग, कौलारू घर, आणि पुढच्याच वळणावर विमानतळाकडे बाण दाखवणारा मोठा निळा फलक. त्यांचं देऊळ आतल्या गावात होतं. लाल मातीचं अंगण, तुळस, मोठी दीपमाळ. गाडीतून उतरताच वैशी म्हणाली, "अक्का, तू इथंच सावलीत बस गो. मागे तळी आहे, छान आहे, ती बघ." मला कळलं की मी त्यांना आत नकोय. मग मी बाहेर कशी बसेन? काहीतरी जमीन-बिमीन घेत असतील, देवाला विचारायला आले असतील. ऐकू तरी दे, किती एकर! तळीकडे चार पावलं टाकली आणि बाजूच्या दारानं शिरून खांबाआड उभी राहिले.

इथली रीत आपल्याकडे नाही, म्हणून सांगते. देवाला काही विचारायचं असेल तर प्रसाद लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली की हो, डावीकडची पडली की नाही. आणि पाकळी लावल्यावर गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं मनातल्या मनात चालत नाही. सगळं उघड, मोठ्यानं, नावानिशी, देवाला आणि जमलेल्यांना ऐकू जाईल असं बोलावं लागतं. तिथं लपवून ठेवलं तर उत्तर मिळत नाही.

गुरवानं वैशीला विचारलं. ती त्याच्या कानाशी पुटपुटली. त्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग देवाकडे तोंड करून आवाज चढवला.

"हे देवा म्हाराजा! तुझ्या ह्या लेकराचो झील परमुलखात अडाकलो आसा. नोकरी म्हणून न्हेलो आनी कोंडून घातलो. लोकांका फशोवपाचा काम मारून मारून करून घेतत. 'दुसऱ्याचो झील हाडून दी, मगे तुझो सोडतो' असा ते म्हणतत. ही बाय दुसऱ्याचो झील दिवची नाय. तर तूच कायतरी वाट दाखय रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दामोदरराव आणि तिथले दोन-चार लोक म्हणाले.

मराठी माणसाला यातला एक शब्दही समजावून द्यावा लागत नाही. तरी मला तो कळायला वेळ लागला. झील म्हणजे मुलगा. नेला आणि कोंडून घातला. दुसऱ्याचा मुलगा आणून दे. दुसऱ्याचा.

हातातली पर्स कलंडली आणि दह्याचा डबा तिथंच देवळात पडला. आवाजानं वैशीनं वळून पाहिलं.

"ओंकार," मी म्हटलं. "वैशे, ओंकार चाललाय. आज. एकच्या विमानानं."

"कोणी दिला नंबर?"

"कॅलेंडर... मागच्या बाजूनं..."

तिनं मला मारायला हवं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या. दामोदरराव अजून देवासमोर हात जोडून होते. तिनं त्यांच्या खिशातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि चप्पल न घालता पायऱ्या उतरली. पाकळी कुठली पडली ते आम्ही कुणीच बघितलं नाही.

वैशी गाडी चालवते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी शेजारी बसून ओंकारला फोन लावत होते. उचलेना. मी रडत होते, ती रस्त्याकडे बघत जेवढं सांगायचं तेवढं सांगत होती. बँकॉकला उतरल्यावर सिद्धेशला एका गाडीत घातलं, रात्र-दिवस प्रवास, मग एक नदी होडीनं ओलांडली आणि तो थायलंडच्या पलीकडे म्यानमारमध्ये पोचला. पासपोर्ट काढून घेतला. चारी बाजूंनी तारेचं कुंपण आणि बंदूकवाले. तिथं त्यांना मराठी-हिंदी बोलणारी पोरं हवी असतात, कारण इथल्या माणसांना फसवायचं असतं. बाईच्या नावानं, बाईच्या फोटोनं एकट्यादुकट्या पुरुषांशी गोड बोलायचं, महिनाभर ओळख वाढवायची आणि मग त्यांचे पैसे खोट्या गुंतवणुकीत घालायला लावायचे. रोजचा आकडा भरला नाही की उन्हात उभं करतात, मारतात, विजेचा झटका देतात. टाय लावलेला फोटो तिथल्याच लोकांनी काढून पाठवायला लावला होता. घरी फोन करायचा तोही त्यांच्यासमोर, सगळं छान आहे म्हणून. तिथं हिंदी, मराठी कळणारे मुकादम आहेत. एकदा त्यातला कोणी नव्हता तेव्हा सिद्धेश घाईघाईनं कोकणीत सगळं बोलला.

"पोलिसांत का नाही गेलीस?"

"त्यांनी सांगितलंय, तक्रार केली तर आणखी पुढे विकू म्हणून. आणि त्यानं लोकांना फसवलंय अक्का. सुटून आला तर त्यालाच धरतील, असं वाटायचं मला."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तू ग्रुपवर लिहिलं असतंस," ती म्हणाली.

खरं होतं. कळवळून का होईना, मी लिहिलं असतं.

मोप्याचं विमानतळ फार मोठं, फार स्वच्छ आहे. मी त्याचं वर्णन करणार होते. आठवतं ते एवढंच की दारावरचा गार्ड तिकिटाशिवाय आत सोडेना आणि मी त्याच्या हाताला धरून ओरडत होते. तेवढ्यात ओंकारनं फोन उचलला. तो आत रांगेत उभा होता.

"बाहेर ये."

"का?"

"ते लोक चांगले नाहीत. ये आधी बाहेर!"

"आई," तो चिडून म्हणाला, "तूच वर्षभर माझं डोकं खाल्लंस. सिद्धेश बघ, सिद्धेश बघ. आता मी निघालो तर हे काय? मावशीनं काहीतरी भरवलं ना तुझ्या डोक्यात? तिला बघवत नाही, हे तूच सांगितलंस मला."

मी सांगितलं होतं. याच शब्दांत.

वैशीनं माझ्या हातातून फोन घेतला. आजूबाजूला टॅक्सीवाले होते, ट्रॉलीवाले होते, पेडण्याकडची ओळखीची माणसंही असतील. वर्षभर तिनं जे सासूला, जावेला, शेजारणीला कळू दिलं नव्हतं ते ती तिथं उन्हात अनवाणी उभी राहून मोठ्यानं बोलली. देवळात गुरव बोलला तसंच. "ओंकार, मी मावशी. फोन ठेवू नको. सिद्धेश नोकरीला नाही. त्याला विकलाय. त्याच्या पाठीवर विजेचे डाग आहेत, त्यानं मला व्हिडिओवर दाखवलेत. तो बायकांचं सोंग घेऊन माणसं फसवतो, नाहीतर त्याला मारतात. तुला नेणारा तोच माणूस आहे. आता आईसाठी नको येऊस. माझ्यावर विश्वास ठेवून ये."

टॅक्सीवाले बघत होते. एकानं डोक्यावरची टोपी काढली.

आत गेलेल्या माणसाला बाहेर येताना शंभर प्रश्न विचारतात. ओंकारला वीस मिनिटं लागली. आला तेव्हा पांढरा पडला होता. मी त्याला मिठी मारायला गेले, तो माझ्या बाजूनं निघून वैशीजवळ जाऊन उभा राहिला. तेव्हासुद्धा, सांगायला लाज वाटते, तेव्हासुद्धा माझ्या पोटात जळलं.

दामोदरराव कुणाच्या तरी पायलटवर (भाड्याच्या मोटारसायकलवर) मागे बसून आले, हातात वैशीच्या चपला. आम्ही सर्वणला परतलो. कोणी जेवलं नाही. ओंकारचा फोन वाजत राहिला, मग त्यावर घाणेरड्या शिव्या येऊ लागल्या, तेव्हा दामोदररावांनी तो बंद करून ठेवला.

दिवेलागणीला वैशीचा फोन वाजला. या वेळी ती बागेत गेली नाही. लपवायचं काही उरलं नव्हतं. स्वयंपाकघरात उभी राहून तिनं फोन कानाला लावला. मी दारात होते. सिद्धेशचा आवाज मला नीट ऐकू येत होता. तो रडत होता, आणि रागावलाही होता.

"आई, तो पावलो की म्हाका सोडटले. तांणी सांगलेलें. तो एअरपोर्टार मेरेन आयिल्लो. कोणे परत व्हेलो ताका?" (तो पोचला की मला सोडणार होते. त्यांनी सांगितलं होतं. तो विमानतळापर्यंत आला होता. कुणी परत नेला त्याला?)

वैशीनं माझ्याकडे बघितलं नाही. ओट्याची कड धरून उभी होती.

"जेवलो रे पुता?" तिनं विचारलं.

पलीकडून फोन बंद झाला.

देवळात कळल्यापासून मी माझ्याच मुलाच्या काळजीनं आंधळी झाले होते. हिशेब मला तेव्हा कळला. माझ्या वैशीनं कुणालाही पाठवलं नव्हतं. नंबर दिला नव्हता, शब्द टाकला नव्हता. सगळं पाप मीच परस्पर करून ठेवलं होतं, तिचे हात स्वच्छ होते. एक वाजता विमान उडालं असतं, तिचं पोर सुटलं असतं, आणि उभ्या जन्मात तिला कोणी बोल लावू शकलं नसतं. त्यासाठी तिनं फक्त काहीच करायला नको होतं. देवळात नुसतं रडत बसली असती, चक्कर आल्यासारखं केलं असतं, तरी पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं डिचोलीच्या पोलीस ठाण्यात गेली. मीही गेले. ओंकारच्या फोनमधला नंबर, तिकीट, शिव्या, सगळं दिलं. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं. कागद वर, दिल्लीपर्यंत गेलाय असं म्हणतात. असे पुष्कळ जण अडकलेत आणि काही परतलेतही, असंही म्हणाले. हे लिहितेय तोवर सिद्धेश आलेला नाही. फोन येतो, कधी आठवड्यानं, कधी उशिरानं. तुमच्या घरात, आळीत कुणाच्या पोराला अशी फुकटची परदेशी नोकरी चालून आली असेल तर आधी मला येऊन भेटा. म्हणून तर हे एवढं उघडं लिहिलं. वैशीला विचारून लिहिलंय. "लिही," म्हणाली, "आता तरी ग्रुपवर टाक."

परतताना बसमध्ये ओंकार माझ्याशेजारी बसला, तोंड खिडकीकडे करून. पायाशी वैशीनं दिलेले नारळ होते, काजू होते, सोलं होती. सांडू नये म्हणून तिनं पिशवी दुहेरी शिवून दिली होती, आईच्या मशीनवर. दोडामार्ग गेलं, सावंतवाडी गेली, आंबोलीत ऊन होतं. घाटात ओंकारला डुलकी लागली आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हलले नाही.

लोक म्हणतात, मत्सर वाईट, सोडून द्यावा. मला तो सुटलेला नाही. वैशीचे माड, वैशीची बाग, तिचं घर, यावर मी आता जळत नाही हे खरं. पण तिच्यावर जळते, पूर्वीपेक्षा जास्त जळते. रात्री नाही, भर दुपारी, ओंकार समोर बसून जेवत असतो तेव्हा. कारण मी स्वतःला पुरती ओळखते. तिच्या जागी मी असते तर गाडीची किल्ली सापडायला मला दोन तास लागले असते.